मोबदला न घेता

गडचिरोली
७ नोव्हेंबर २०२३

प्रफुल,

नुसता जयभीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची आपल्या घरची पद्धत आहे, पण मला खोटं लिहायचं नाही.

फोनच करणार होते. पण माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, आणि तुझ्या भाऊजींच्या, निकेशच्या फोनवरून लावला की तुझी बायको उचलते आणि म्हणते, "ते आंघोळीले गेले." दिवसभर आंघोळ करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. म्हणून हे पत्र, रजिस्टरने. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही.

मागच्या मंगळवारी पतसंस्थेची दोन माणसं माझ्या दुकानात आली. ब्लाउज शिवायला आलेल्या बायका बसतात त्या बाकावर पाय पसरून बसली. आश्रमशाळेच्या मुली गणवेशाचं माप द्यायला उभ्या होत्या. त्यांच्यासमोर एकजण म्हणाला, "बाई, भाऊ देऊन नाई राह्यला, तं तुमाले द्या लागंल. सही तुमची हाय." माझ्या हातातला टेप एका मुलीच्या खांद्यावर तसाच राहिला. ती बिचारी हलेचना. तिला वाटलं, अजून माप चालू आहे.

ते गेल्यावर मी शेजारणीच्या फोनवरून तुला फोन केला. अनोळखी नंबर पाहून तू उचललास. आणि काय म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू विसरला असशील. "जामीनदार तू हायस बाई, तं तूच पाह्य ना. माह्या नावावर आता काईच नाई." एवढं बोलून तू हसलास. मोठ्याने नाही, बारीक. ते हसणं मी ऐकलं.

कोळशाच्या टिपरसाठी तू कर्ज काढलंस तेव्हा "बाई, फक्त एक सही" म्हणत माझ्या घरी दोन वेळा जेवून गेला होतास. पुढे हप्ते थकले, टिपर ओढून नेला, विकला, आणि त्यातून फिटलं नाही ते कर्ज उरलं. तोवर तू चंद्रपूरच्या मूल रोडचं बाबांचं घर बायकोच्या, रोशनीच्या नावावर बक्षीसपत्र करून मोकळा झाला होतास. तुझ्या नावावर आता फक्त तुझं नाव उरलं आहे. पतसंस्थेला सोपी मान पाहिजे होती, ती माझी सापडली.

तर ऐक. मी गुणवंतराव वकिलांकडे गेले. बाबांना ओळखायचे ते, अजूनही कोर्टाबाहेर त्याच टेबलावर बसतात. ते म्हणाले, फेडता येत नसेल तर लपून राहू नका, कोर्टासमोर उभं राहून सांगा की येत नाही. त्याला नादारीचा अर्ज म्हणतात. तो मी काल गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयात दाखल केला. कोर्टाला पटलं की मला नादार म्हणून जाहीर करतील, पेपरात नाव येईल. निकेश काल न जेवताच झोपला. आज म्हणाला, "भावाच्या पायी बायकोचं नाव पेपरात तं येऊन राह्यलं," आणि ऑटो घेऊन गेला.

तू खुशाल हस. हा अर्ज मी आत्ताच का केला, पुढच्या पावसाळ्यापर्यंत का थांबले नाही, हे तुला नंतर कळेल.

रिना

~

गडचिरोली
२० ऑक्टोबर २०२४

प्रफुल,

जयभीम.

झाले मी नादार. पेपरातली बातमी तू पाहिलीस हे मला पोचलं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पंधरा तारखेला रोशनी भोजनदानाच्या रांगेत उभी राहून आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांना सांगत होती, "आमची नणंद भिकेले लागली जी, कोर्टानं लिहून देल्लं." पांढरी साडी नेसून, तथागतांच्या मूर्तीकडे तोंड करून सांगत होती. त्याच रांगेत माझी एक गिऱ्हाईक होती. तिने दुसऱ्याच दिवशी इथे येऊन मला ऐकवलं आणि ब्लाउजचे पैसे रोख दिले.

तुझी समजूत अशी असेल की नादार झालेल्या माणसाच्या घरातून सगळं उचलून नेतात. माझीही होती. रिसीव्हर यायचा होता त्या दिवशी मी आईने दिलेलं पितळेचं गंज, ते मोठं पातेलं, शेजारी नेऊन ठेवायला निघाले होते. गुणवंतराव बरोबर होते, ते ओरडले. "रिनाताई, एक चमचाही लपवू नका. लपवलं की आपण चोर. नाई लपवलं तं आपण फक्त नादार." गंज परत चुलीपाशी ठेवलं.

रिसीव्हर म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस. माझं जे काही असेल ते आता त्याच्या ताब्यात. तो विकणार आणि ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना वाटणार. घरात आला, कपाट उघडायला लावलं, टीव्ही लिहून घेतला, कानातले लिहून घेतले. गंज उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं, स्वयंपाकाची भांडी घेत नाहीत म्हणे. मग शिलाई मशीनपाशी आला. त्याने चाकावर हात ठेवला, फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हे नाही लिहीत. पोट भरायचं साधन कायदा नेत नाही." बाहेर बायका कान लावून उभ्या होत्या म्हणून मी रडले नाही.

आणि ते दोघं, पाय पसरून बसणारे, ते आता माझ्या बाकावर बसू शकत नाहीत. काही मागायचं असेल तर कोर्टात जाऊन मागायचं. तिथे बाक नाही, उभं राहावं लागतं. मी पाहिलं त्यांना उभं. मला बरं वाटलं.

त्रास नाही असं नाही. नादार माणसाने पन्नास रुपयांचीसुद्धा उधारी करायची तर आधी सांगावं लागतं की मी नादार आहे. न सांगता घेतली तर गुन्हा. मी धाग्याच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "भाऊ, मी नादार हाय, रिळं उधार द्यान का?" त्याला वाटलं आजार आहे. "होईन बरं, बाई," म्हणाला आणि रिळं काढून दिली. घरी येऊन मी खूप हसले. मग भाजीवालीला सांगितलं, पिकोवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि हसू संपलं. प्रत्येक वेळी तोंडात तो शब्द आला की तुझं ते बारीक हसणं कानात येतं. मी ते विसरू देत नाही स्वतःला.

एक सांगायचं राहिलं. सगळं लिहून झाल्यावर रिसीव्हर चप्पल घालता घालता म्हणाला, "बाई, अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत कुणाला काही देऊन टाकलं का? घर, जमीन, दागिना? फुकट?"

मी म्हटलं, "हो साहेब. बसा. अजून एक चहा टाकते."

रिना

~

गडचिरोली
१२ जानेवारी २०२५

प्रफुल,

आता कळलं ना मी का थांबले नाही ते?

कोर्टाची नोटीस तुला आणि रोशनीला एकाच दिवशी मिळाली, आणि आंघोळ एकदम संपली. त्या दिवसापासून निकेशच्या फोनवर तू रोज आहेस. काल त्याला म्हणालास, "भाऊजी, बाईले समजवा, हे तं वेडेपणा हाय, नादार ती झाली अन् घर माह्यं काऊन वापस मागून राह्यले?"

समजावते. नादार माणसाने अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत जे फुकट देऊन टाकलं असेल ते कोर्ट परत घेऊ शकतं. कारण ते त्याचं द्यायचं नव्हतंच, ज्यांचे पैसे बुडाले त्यांचं होतं. आणि मी काय दिलं होतं फुकट? बाबांच्या घरातला माझा हिस्सा. घर तू, आई आणि मी अशा तिघांचं होतं. २०२२ च्या भीमजयंतीनंतरच्या आठवड्यात तू आम्हा दोघींकडून हक्कसोड करून घेतलीस. पुढची जयंती आणि त्यापुढची जयंती, एवढ्यातच मला अर्ज टाकायचा होता. टाकला.

तो दिवस आठव. सगळ्याच घरांत बहिणी हक्क सोडतात, आपल्याकडेही सोडतात, आणि नाही सोडला तर लोक थुंकतात. मी कुरकुर केली नाही. पण तू सही कुठे करायला लावलीस? रजिस्ट्री ऑफिसात जायच्या आधी, घरी, बाबासाहेबांच्या फोटोखाली पाट मांडून. बाईला वाटा मिळावा म्हणून ज्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली, त्यांच्याखाली बसवून तू बहिणीचा वाटा काढून घेतलास. बाबा असते तर तुला पायरीवरून खाली ढकललं असतं. आलापल्लीच्या लाकूड डेपोत आयुष्य काढून त्यांनी ते घर बांधलं आणि त्याला सागाचं दार लावलं. ते म्हणायचे, "दोन्ही लेकरायचं दार हाय हे." तुला आठवत नसेल, तू तेव्हा बाहेर गोट्या खेळत असायचास.

आणि तू निकेशला म्हणालास ना, की मी बाईला पैसे दिले होते असं कोर्टात सांगीन? सांग. पैसे देतो देतो म्हणून तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस, ते तू नि मी जाणतो. पण कागद काय म्हणतो ते मी तुला तोंडपाठ सांगते, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून तूच ते लिहवून घेतलंस. "प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता." तो म्हणालाही होता, की काही रक्कम दाखवायची का? तू म्हणालास, "नोको जी, मुद्रांक वाढते." दोनशेच्या मुद्रांकात काम झालं म्हणून तू किती खुश होतास. चौकात सगळ्यांना कचोरी खाऊ घातलीस.

आणखी एक ओळ तू घालायला लावलीस, मोहल्ल्यातली चार माणसं उभी होती म्हणून. "आईचा अखेरपर्यंत सांभाळ करीन." ती तर तू स्वतः मोठ्याने वाचून दाखवलीस. आईने डोळे पुसले.

माझा राग गेला का, असं निकेशने विचारलं. नाही गेला. आता कुठे त्याला काम मिळालं आहे.

रिना

~

गडचिरोली
९ जुलै २०२५

प्रफुल,

काल तू कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळून गेलास आणि भिंतीकडे पाहत राहिलास. भिंतीवर काही नव्हतं, पानाच्या पिचकाऱ्या होत्या. म्हणून जे तोंडावर बोलणार होते ते इथे लिहिते.

आईला साक्षीला आणायची अक्कल तुझी की तुझ्या वकिलाची? ज्याची असेल त्याला माझा जयभीम सांग. तुम्हाला वाटलं, म्हातारी पोराच्या बाजूने बोलेल. चंद्रपूरहून गाडीत घालून आणलीत, वैनगंगेच्या पुलावर थांबून शहाळं पाजलंत, आणि रोशनीने तिच्या पदराला पिन लावून दिली. मी ते सगळं समोरच्या चहाच्या टपरीवरून ऐकलं, कारण रोशनी ते मोठ्याने सांगत होती.

पुढचं तू ऐकलंसच, पण मला लिहायचं आहे. मला ते पुनःपुन्हा लिहायचं आहे.

तुझ्या वकिलाने विचारलं, "ठमाबाई, मुलीच्या लग्नाचा खर्च मुलानेच केला होता ना?"

आई म्हणाली, "लगन तं तिच्या बाबानं केलं. हा तवा बारावीत नापास होऊन घरी बसला होता."

न्यायाधीश मॅडमनी मान खाली घातली. तुझ्या वकिलाने घाईने दुसरा प्रश्न टाकला. "पण हक्कसोडीच्या दिवशी मुलाने बहिणीला काही दिलं की नाही? मोबदला म्हणून?"

"देल्ली ना. साडी देल्ली."

वकिलाचा चेहरा उजळला. तेव्हा गुणवंतराव उठले आणि मला म्हणाले, द्या. मी पिशवीतून साडी काढली. तीच, मोरपंखी, दुकानाच्या चिठ्ठीसकट, घडी न मोडलेली. मला ती नेसवली नव्हती, प्रफुल. ज्या दिवशी दिलीस त्याच दिवशी मला कळलं होतं की ही साडी नाही, ही पावती आहे. मॅडमनी चिठ्ठीवरची किंमत वाचली, मग मूल रोडवरच्या घराचा सरकारी दर वाचला. दोन्ही मोठ्याने वाचले. मागे कुणीतरी हसलं. बारीक.

मॅडमनी आईलाच विचारलं, "साडीशिवाय आणखी काही दिलं होतं का?"

"जेवन देल्लं. मटन होतं." आणि पुढे म्हणाली, "पन तेबी मीच रांधलं."

हे सगळं मला साखरेसारखं गोड लागलं, आणि तिथेच थांबलं असतं तर आज हे पत्र मी गाणं म्हणत लिहिलं असतं. पण आई खाली उतरली तेव्हा मी तिला धरलं, आणि पदराची पिन निघाली. तिची मान, पाठ, दंड, सगळं घामोळ्यांनी सोललेलं होतं. जागोजागी रक्त सुकलेलं.

मी विचारलं, "आई, हे काय?"

"काई नाई वं. टिनाखाली झोपा लागते न मले. उन्हाळा लय झाला औंदा."

टिनाखाली. मागच्या अंगणात, जिथे बाबा सरपण ठेवायचे तिथे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं. घरात दोन एसी लावले आहेत तुम्ही, रोशनीने फोटो टाकला होता. आणि फोनवर आई मला दर वेळी सांगायची, मस्त हाय, पंख्याखाली हाय.

मी तिला म्हटलं, चल माझ्या घरी, आत्ताच. ती तुझ्या गाडीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माहे कपडे तिकडं हायेत." आणि गेली. मला थांबवता आलं नाही. घरी येऊन मी मशीनवर बसले आणि एक शिवण सरळ आली नाही.

आतापर्यंत मला तुझ्याकडून माझा हिस्सा पाहिजे होता. आता तेवढ्यावर भागणार नाही.

रिना

~

गडचिरोली
३ डिसेंबर २०२५

प्रफुल,

जयभीम.

सगळं झालं म्हणून तू सुटकेचा श्वास टाकला असशील. आधी झालेलं लिहिते, मग उरलेलं.

कोर्टाने माझी हक्कसोड रद्द केली. रोशनीच्या बक्षीसपत्रातला तेवढा भाग गेला. रिसीव्हरने माझा हिस्सा लिलावात काढला. तू आधीच त्या मोटरसायकलच्या शोरूमवाल्याकडून घराचा इसार घेऊन खाऊन बसला होतास, आणि तो म्हणत होता की पूर्ण घर द्या नाहीतर इसार दुप्पट परत करा. म्हणजे तुला तो हिस्सा घेतल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आणि हे शोरूमवाल्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने स्वतःचाच माणूस बोलीला बसवला; हिस्सा त्या माणसाला सुटला असता तर दुप्पट इसारही तुझ्याच गळ्यात पडला असता. तू एक आकडा म्हणायचास, तो वरचा म्हणायचा. रोशनी तुझी बाही ओढत होती. जो हिस्सा तू एका साडीत आणि आईने रांधलेल्या मटणात घेतला होतास, तो तू बाजारभावाच्या वर जाऊन, बायकोचं सोनं मोडून विकत घेतलास. त्या पैशातून पतसंस्थेचं तुझंच कर्ज फिटलं. कोर्टाचा खर्च निघाला. माझ्या हातात काही आलं नाही आणि मला नको होतं. सगळ्यांचं देणं भागलं म्हणून माझी नादारी रद्द झाली. धाग्याच्या दुकानात जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, "म्हनलं होतं ना बाई, होईन बरं."

व्हरांड्यात तू मला गाठून म्हणालास, "झालं समाधान, बाई?"

मी म्हटलं, "नाई." तुला वाटलं मी रागाने म्हणाले. मी सरळच उत्तर दिलं होतं.

परवा दुपारी चंद्रपूरच्या एसटीतून आई उतरली. एकटी. डोक्यावर बाबांची लोखंडी पेटी. स्टँडवरून निकेशच्याच ऑटोत बसली आणि त्याला म्हणाली, "जवाईबापू, मले कोर्टात घेऊन चला." तो तिला आधी घरी घेऊन आला. पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "रिना, मलेबी नादार कर."

मला काही कळेना. ती म्हणाली, "तू नादार झाली तं तुह्या वाट्याचं वापस आलं. माह्यंबी आन. ते घर पाडून राह्यले. मले म्हंते, नव्या फ्लॅटात जागा नाई, तू वृद्धाश्रमात पाह्य. मी म्हनलं, थांब, मी नादारच होऊन येतो."

मी तिला गुणवंतरावांकडे नेलं. त्यांनी खुर्ची दिली आणि हात जोडून सांगितलं, "ठमाबाई, नादार व्हायले आधी कर्ज पायजे. तुमच्यावर कुनाचं कर्जच नाई."

आई खुर्चीत सावरून बसली. मग म्हणाली, "मंग काढून द्या ना जी मले थोडंसं."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. पेटी उघडून तिने हक्कसोडीची नक्कल काढली आणि म्हणाली, यात त्याने मोठ्याने वाचलेलं काहीतरी होतं, ते वाचा. गुणवंतरावांनी चष्मा लावला. "आईचा अखेरपर्यंत सांभाळ करीन." त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, नादारीची गरज नाही. म्हाताऱ्या माणसाकडून सांभाळायच्या अटीवर घर लिहून घ्यायचं आणि सांभाळायचं नाही, यासाठी वेगळा कायदा आहे. त्याला दोन वर्षांची मुदत नाही. अर्ज चंद्रपूरच्या एसडीओ ऑफिसात जातो.

काल गेला. खाली आईने स्वतः सही केली. बाबांनी शिकवलेली, एक एक अक्षर सुटं. टिनाच्या शेडचे फोटो आहेत, निकेश काढून आला. पाठीचे जुलैत मीच काढून ठेवले होते. शोरूमवाल्यालाही कळवलं आहे, तोवर घराला हात लावू नये म्हणून. दुप्पट इसाराचं तो तुझ्याशी बोलेल.

आई आत्ता माझ्या मशीनच्या बाजूला खाटेवर बसली आहे. पंखा तिच्याकडे वळवला आहे, या थंडीतही बंद करू देत नाही. तिला विचारलं, प्रफुलला काही लिहू का तुझ्याकडून? म्हणाली, "लिही का पोट भरून जेवत जा." हे मी लिहायला नको होतं, पण तिने सांगितलं म्हणून लिहिलं. माझ्याकडून असं काही नाही.

नोटीस या पत्राच्या मागून येईल. तुझा वकील पुन्हा विचारेल, म्हातारीला काहीच दिलं नव्हतं का? दिलं होतं. त्याच दिवशी, त्याच दुकानातून, माझ्या साडीची जोडी, फक्त काठ वेगळा.

तिनेही ती नेसलेली नाही. पेटीत सगळ्यात वर आहे, चिठ्ठीसकट.

तुझी बहीण,
रिना